दहावीच्या मार्चातलं दूध

मार्च लागला की आमच्या बिल्डिंगची लिफ्ट जरा गप्प होते. एरवी तिच्यात मोबाइलवर मोठमोठ्याने बोलणारी माणसं असतात, पण सकाळी साडेनऊच्या सुमाराला पारदर्शक फोल्डर छातीशी धरलेली मुलं आत शिरली की सगळेच आवाज उतरवतात. फोल्डरमध्ये हॉलतिकीट, दोनतीन पेनं, एक पट्टी. सोबत आई, नाहीतर बाप. परवा नवव्या मजल्यावर अशीच एक मुलगी आईबरोबर आत आली. आई विचारत होती, "दूध संपवलंस ना सगळं?" मुलीने मान हलवली. तेवढंच. मी आपला पिशवी घेऊन भाजीला निघालेला माणूस, पण मला विचारावंसं वाटलं, पोरी, दुधानंतर तुझं पोट बरं असतं ना गं? लालबागच्या लिफ्टमध्ये परक्या म्हाताऱ्याने असलं काही विचारलं तर पुढे काय होतं ते मला ठाऊक आहे. म्हणून खाली पोचेपर्यंत मी छताच्या पंख्याकडे बघत राहिलो.

हा मार्च मला सोसत नाही. लोकांना मार्च म्हटलं की कैऱ्या आठवतात, होळीची पुरणपोळी आठवते. मला आठवतो तो स्टीलचा उभा पेला, त्याच्या काठावर जमलेली साय, आणि तो दोन्ही हातांनी धरून बसलेली माझी मुलगी शलाका. सोळासतरा वर्षं झाली. तेव्हा इथे टॉवर नव्हता, चाळ होती. आमची खोली दुसऱ्या मजल्यावर, गॅलरीच्या मधोमध. मी छापखान्यात मुद्रितं तपासायचो, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायचा मला पगार मिळायचा. त्यामुळे आपली चूक होऊ शकते हे मनात यायला मला नेहमीच उशीर लागला.

दुधाचं वेड माझं, शलाकाच्या आईचं नव्हे. माझ्या लहानपणी घरात दूध यायचं ते चहापुरतं. वडील गिरणीत साच्यावर कापड विणायचे, आम्ही खाणारी सहा तोंडं, आणि सकाळी दूधकेंद्रावर कार्ड घेऊन रांगेत उभं राहून आणलेली एक काचेची बाटली. चहाला रंग आला की बाटली संपली. आमची न्याहारी म्हणजे नाचणीची आंबील, नाहीतर उकड्या तांदळाची पेज आणि सोबत भाजलेला जवळा, म्हणजे सुकवलेली बारीक कोळंबी. शाळेत दादरकडून येणारी मुलं सांगायची की आई रागावते, दूध प्यायल्याशिवाय घराबाहेर सोडत नाही. ते रागावणं मला थाटाचं वाटायचं. आमच्या आईने आम्हाला कशावरून रागवावं? गुरुजींनी एकदा वर्गात विचारलं, सकाळी काय खाऊन आलात? मी ताठ उभा राहून म्हणालो, "दूध-पोळी." शेजारचा मुलगा माझ्या तोंडाला येणारा जवळ्याचा वास घेत हसला. तो हसल्याचं मला साठीतही आठवतं, यावरून माझा स्वभाव कळावा.

म्हणून मुलगी झाली त्याच दिवशी मी ठरवलं, हिला रोज पेलाभर दूध. घरात बाकी काही कमीजास्त होवो.

लहानपणी ती प्यायची. आठवीनववीपासून कुरकुर सुरू झाली. "बाबा, पोटात गुडगुडतं." "बाबा, फुगल्यासारखं होतं." मी म्हणायचो, सवय मोडलीस म्हणून होतं, पीत जा रोज. दहावीला तर मी दूध दुप्पट केलं. पहाटे अभ्यासाला उठली की एक पेला आणि शाळेला निघताना दुसरा. हळद घालून पाहिली, वेलची घालून पाहिली, चॉकलेटची पावडर आणली. तिची आई सुमन मालवणकडची, फार बोलणारी नाही, पण एकदा ओट्याशी उभी राहून म्हणाली, "तुमी तिका कित्याक जबरदस्ती करतास? नको म्हणता तर नको."

मी म्हटलं, "नको म्हणते कारण जिभेला आवडत नाही. डोकं चालायला दूध लागतं."

माझ्याकडे पुरावाही होता. शलाका दही आवडीने खायची. वाटीभर दही-भात खाऊन तिला कधी काही झालं नाही. चहा प्यायची, त्यातही दूधच असायचं. मग दही चालतं, चहा चालतो आणि पेल्यातल्या दुधानेच तेवढं पोट दुखतं? मी गॅलरीत सगळ्यांना ऐकवायचो, "आमच्या मुलीचं पोट बघा, निवडक आहे. काय पचवायचं ते स्वतः ठरवतं." लोक हसायचे. तीही कसंनुसं हसायची. मला तो माझा विनोद फार आवडायचा.

आता चाळीची सकाळ ज्यांनी पाहिली नाही त्यांना एक सांगायला हवं. आमच्या मजल्यावर वीस खोल्या आणि गॅलरीच्या टोकाला चार संडास. त्यातला एक कायम नादुरुस्त. सकाळी सहा ते आठ तिथे बादल्यांची रांग. आपण नसलो तरी आपली बादली उभी असायची, आणि कोणाची बादली कुठे आहे हे सगळ्या मजल्याला ठाऊक. पंधरासोळा वर्षांची मुलगी एका सकाळी तीनतीनदा त्या रांगेत उभी राहते म्हणजे काय, हे मला आज कळतं. आज माझ्या घरात दोन संडास आहेत आणि माणसंही दोनच. तेव्हा मला एवढंच दिसायचं की पुस्तक उघडं टाकून ही पुन्हा बादली घेऊन निघाली. "परीक्षेने पोटात गोळा आला वाटतं," असं रांगेतलं कोणी म्हणायचं आणि मी ते खरं मानायचो. परीक्षेची भीती मला कळत होती. दुसरं काही कळत नव्हतं.

बीजगणिताच्या पेपरच्या दिवशी मी रजा टाकली होती. सेंटर दादरला. निघताना सुमनने तिच्या तळहातावर दही-साखर ठेवली, तिने ती चाटून खाल्ली, देवाला नमस्कार केला, मला वाकून नमस्कार केला. मी पेला पुढे केला. ती म्हणाली, "बाबा, आज राहू दे ना. पेपर झाल्यावर पिते. शप्पथ."

"पेपर झाल्यावर काय उपयोग? तीन तास डोकं चालायचंय."

"खरंच दुखतं हो."

मी पेला तसाच धरून उभा राहिलो. तिने घड्याळाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि एका दमात सगळं दूध प्यायली. ओठांवरची साय तिने मनगटाने पुसली, तेव्हा दह्याचा हात धुतला नव्हता म्हणून गालालाही थोडं दही लागलं. मी माझ्या रुमालाने ते पुसलं. मला तेव्हा तिचं फार कौतुक वाटत होतं, हेही लिहून ठेवतो.

बसमध्ये ती खिडकीशी बसली. कपाळावर घाम. हिंदमाताच्या आसपास तिने डोळे मिटून घेतले आणि मी एकाग्रतेवर बोलत राहिलो.

दुपारी ती शाळेच्या फाटकातून बाहेर आली ती सगळ्यांच्या शेवटी. चेहरा पांढरा पडलेला. तिला दोनदा बाहेर जावं लागलं होतं. प्रत्येक वेळी बाई मदतनीस येईपर्यंत थांबायचं, मग तिच्यासोबत जिना उतरून मागच्या बाजूला, मग परत. शेवटचा प्रश्न तिने उघडलासुद्धा नव्हता, त्याआधीचा अर्धा राहिला होता. हे तिने बसस्टॉपवर सांगितलं नाही. घरी येईपर्यंत धरून ठेवलं आणि चाळीचा जिना चढून गॅलरीत आल्यावर, आईला बघितल्यावर, रडत रडत सांगितलं. दुपारचं पाणी आलेलं, सगळ्या बायका नळावर. सगळ्यांचे हात थांबले. मला वाटलं माझीच लाज निघाली. मी म्हणालो, "पोटाला कशाला दोष देतेस? नाचता येईना अंगण वाकडं!"

ती रडायची थांबली. लगेच, नळ बंद करावा तशी. आत गेली, तोंड धुतलं, आणि भूमितीचं पुस्तक घेऊन बसली.

पुढच्या पेपरला मी पेला पुढे केला आणि तिने न बोलता घेतला. त्याच्या पुढच्या पेपरलाही. दुखलं का, मी विचारलं. "नाही," ती म्हणाली. मी सुमनला विजयाने सांगितलं, "बघ. मनातून काढून टाकलं की जातं." आता कळतं की ती बादली घेऊन पहाटे चारला उठायची, रांग लागायच्या आत, आणि पेपरच्या आदल्या दिवसापासून मी दिलेल्या दुधाशिवाय दुसरं काही पोटात ढकलायची नाही. ती सगळं सोसून निभावत होती आणि मला काही सांगायचं तिने बंद केलं होतं.

हे ज्यांनी ओळखलं त्या कांबळे सिस्टर. महापालिकेच्या इस्पितळात नर्स, आमच्याच मजल्यावर कोपऱ्याच्या खोलीत राहायच्या. रात्रपाळी करून त्या पहाटे घरी यायच्या आणि संडासाकडे जाणारी शलाका त्यांना दिसायची. मे महिन्यात एके दिवशी त्या सरळ आमच्या उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या. "सावंतभाऊ, पोरीचं दूध पंधरा दिवस बंद करा. एक थेंब नको. बघू काय होतं."

मी म्हटलं, "सिस्टर, तिला आता काही त्रास नाही."

"तुम्हाला सांगत नसेल. मी रोज बघते ना."

मी माझा पुरावा काढला. दही चालतं, चहा चालतो. सिस्टर हसल्या. म्हणाल्या, "तेच तर. दुधात एक साखर असते. काहींच्या आतड्याला ती फोडता येत नाही, मग ती तशीच पुढे जाते आणि गोंधळ घालते. दह्यात ती बरीचशी विरजणातच खपलेली असते. चहात दूध असतं किती, दोन चमचे. तेवढं बहुतेकांना झेपतं. तुमची पोरगी खरं बोलत होती, भाऊ. तुम्ही हिशोब उलटा मांडलात."

दूध बंद केलं. चौथ्या दिवसापासून शलाकाची बादली सकाळी एकदाच हलली. पंधरा दिवसांनी सिस्टरांनी तिला त्यांच्या इस्पितळातल्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी सगळं विचारून घेतलं, पोट तपासलं आणि तेच सांगितलं. केसपेपर सोडून काही खर्च आला नाही. इतकी साधी गोष्ट होती ती. पंधरा दिवस तिचं ऐकायचं, एवढंच औषध होतं.

त्या दिवशी मी तिला "चुकलो" म्हणायला हवं होतं. त्याऐवजी मी दादरला जाऊन मोठ्या दुकानातून सोयाच्या दुधाचे चार खोके घेऊन आलो. माणसाला माफी मागता येत नाही तेव्हा तो खरेदी करतो. शलाकाने एक घोट घेतला आणि चेहरा वाकडा केला. सिस्टर ते खोके बघून म्हणाल्या, "पैसे जास्त झालेत का? तुमच्या कोकणातल्या माणसांना हाडांसाठी खोका कशाला पाहिजे? घरात नाचणी नाही? तीळ नाहीत? सुकट खात नाही तुम्ही?"

ज्या आंबिलीची मला शाळेत लाज वाटली, जो जवळा लपवायला मी खोटं बोललो, ते सगळं आता माझ्या मुलीच्या औषधाच्या यादीत होतं. सुमनला मात्र फार आनंद झाला. तिने दुसऱ्याच दिवशी नाचणी भिजत घातली, मोड आणले, गॅलरीत जुन्या साडीवर वाळवली. मग घरभर तो भाजलेल्या नाचणीचा खरपूस, किंचित मातीसारखा वास. तीळ-लसणाची चटणी डब्यात कायमची आली. जवळा कवचासकट खायचा असतो, त्यातच त्याची ताकद, म्हणून तो कांद्यावर परतून आठवड्यातून दोनदा. शेवग्याचा पाला बाजारात जुडीने मिळतो, कोणी फारसं विचारत नाही, म्हणून स्वस्त. खीर नारळाच्या रसात, गूळ घालून. विरजण मात्र नीट आंबट होईपर्यंत हलवायचं नाही, आणि ताक जेवणाबरोबरच. शलाका हळूहळू आपलं आपण शिकली. रिकाम्या पोटी चहा नाही. पूजेचं पंचामृत तळहातावर घेते, पेढा अर्धा. कोजागिरीला गच्चीवर मसाला दूध फिरलं की दोन घोट घेऊन ग्लास माझ्याकडे देते. आमचा महिन्याचा दुधाचा खर्च उलट कमी झाला. मी बाजारात जवळ्याचा वाटा घेताना कोळणीशी घासाघीस करायला शिकलो, आणि ती मला म्हणायची, "काका, एवढ्याशा जवळ्यात काय बंगला बांधणार?"

हे सगळं मी मनापासून केलं. गेली सोळा वर्षं तिच्यासाठी नाचणी मीच निवडतो. म्हणून मला वाटायचं की फेड झाली. बीजगणितात तिला जेमतेम मार्क पडले, डिप्लोमाला जायचं होतं ते राहिलं, कॉमर्स घेतलं, नोकरी लागली, लग्न झालं. ती नायगावला राहते, बसने वीस मिनिटांवर. जावई सचिन सज्जन आहे. रविवारी येतात, जेवतात. तिने त्या मार्चबद्दल एका शब्दाने कधी मला टोचलं नाही. मी समजत होतो की ती विसरली.

गेल्या आठवड्यात सचिनचा फोन आला होता, दुसऱ्याच कामाचा. बोलता बोलता तो म्हणाला, "आता टाके पूर्ण सुकलेत तिचे. डॉक्टर म्हणाले, जड उचललं तरी चालेल." मी विचारलं, कसले टाके? मग तो चाचरत म्हणाला, "बाबा, तिने तुम्हाला सांगितलं नाही? जानेवारीत ऑपरेशन झालं तिचं. पित्ताशयात खडे होते. वर्षभर दुखत होतं." जानेवारीत ती पुण्याला ट्रेनिंगला गेली होती. म्हणजे आम्हाला तिने तसं सांगितलं होतं.

वर्षभर. त्या वर्षात ती पन्नासेक रविवार माझ्यासमोर बसून जेवली. मी तिला वाढत होतो, "अजून घे, यात दूध नाही," असं दर वेळी अभिमानाने सांगत होतो, आणि ती पोटात दुखत असताना घास घेत होती.

या रविवारी ती आली तेव्हा सुमन देवळात गेली होती. शलाका ओट्याशी कोथिंबीर निवडत होती. मी स्टुलावर बसलो. घरात आम्ही दोघंच. मी बोलणं मनात जुळवून ठेवलं होतं, ते सगळं ऐन वेळी विस्कटलं. एवढंच म्हणालो, "शलू, दहावीला मी चुकलो होतो. फार चुकलो. तू खरं सांगत होतीस."

तिने वळून बघितलं. तिला खरंच आश्चर्य वाटलेलं दिसलं. "ते होय? बाबा, किती वर्षं झाली त्याला! तुम्हाला तरी काय माहीत होतं? आपल्याकडे कोणालाच माहीत नव्हतं."

"मग ऑपरेशनचं का नाही सांगितलंस?"

तिचे हात थांबले. सचिनवर ती मनात चिडली असावी. मग ती विचार करायला लागली. मला टाळायला नाही, खरंच उत्तर शोधायला. कोथिंबिरीची एक काडी ती बराच वेळ बोटांत फिरवत राहिली.

"काय सांगू," ती म्हणाली. "लपवायचं वगैरे काही नव्हतं. आईला काळजी लागेल म्हणून ते ट्रेनिंगचं सांगितलं. पण तुम्हाला... दुखतंय म्हणून तुम्हाला सांगायचं असतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

आणि ती पुन्हा कोथिंबीर निवडू लागली. तिच्या आवाजात राग नव्हता. मी स्टुलावर बसून तो शोधत होतो, कारण राग असता तर समजूत काढता आली असती.